भूक, तृप्ती आणि मेंदूचे दोन हिशेब

प्रश्न तीन आहेत. पोटभर जेवूनही दोन-तीन तासांत पुन्हा भूक का लागते? वजन कमी करायला घेतलं की काही आठवड्यांनी भूक आवरेनाशी का होते? आणि लेप्टिन किंवा घ्रेलिन ही भुकेशी जोडलेली हार्मोन 'संतुलित' करणारं काही घेऊन ती थांबवता येते का? तिन्हींची उत्तरं एकाच गोष्टीशी येऊन मिळतात, म्हणून आधी ती सांगतो.

मेंदू अन्नाचे दोन वेगळे हिशेब ठेवतो. एक आत्ताच्या जेवणाचा: पोटात किती गेलं, काय गेलं, आता थांबायचं का. तो मिनिटांत आणि तासांत चालतो. दुसरा शरीरातल्या चरबीच्या साठ्याचा, तो दिवस आणि आठवड्यांत चालतो. पहिला मुख्यतः मानेच्या वर, मेंदूच्या देठात मांडला जातो, दुसरा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये. दोघांची एकमेकांशी सतत देवाणघेवाण असते, पण तंटा झाला तर शेवटी साठ्याच्या हिशेबाचं चालतं. डाएटचे बहुतेक सल्ले फक्त पहिल्या हिशेबाचा विचार करतात आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आधी एका जेवणाचं बघू. त्याची तयारी पहिल्या घासाच्या आधीच सुरू झालेली असते. जठराच्या वरच्या फुगीर भागातल्या पेशी घ्रेलिन हे भूक लावणारं हार्मोन सोडतात. १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते उंदराच्या जठरातून वेगळं काढलं. २८ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी आहे. तिच्या तिसऱ्या अमिनो आम्लाला आठ कार्बनचं एक फॅटी अ‍ॅसिड चिकटलेलं असेल, तरच ती भुकेच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या जागेवर, काम करते. रक्तातलं घ्रेलिन जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर साधारण तासाभरात खाली येतं. ते नुसतं रिकाम्या पोटामुळे चढत नाही, ते सवयीच्या वेळेला चढतं. त्या वेळी तुम्ही जेवला नाहीत तरी काही वेळाने ते आपोआप उतरतं. म्हणून जेवण चुकलं की भूक कळसाला पोहोचते आणि मग 'मरते'. जेवणाची वेळ बदलली की पहिले काही दिवस जुन्या वेळेलाच पोटात कालवाकालव होते, नंतर ती नव्या वेळेकडे सरकते. रोजची वेळ ठरलेली असेल तर भूक अंदाजात राहते. वेळा दररोज बदलत्या असतील तर ती कधीही डोकं वर काढते.

घ्रेलिनला सगळ्या भुकेचं मूळ समजणं मात्र चूक आहे. ज्या उंदरांमध्ये घ्रेलिनचं जनुकच काढून टाकलं, ते जवळजवळ इतर उंदरांइतकंच खातात. शिवाय वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या रक्तात घ्रेलिन कमीच सापडतं. अनेक निरोप्यांपैकी तो एक आहे, एवढंच.

खाणं सुरू झालं की पहिला निरोप ताणाचा. रिकामं जठर १०० मिलिलिटरच्याही आत असतं आणि जेवताना ते लिटर-दीड लिटरपर्यंत सैलावतं. भिंतीवरचा ताण व्हेगस नर्व्ह टिपते. या नर्व्हचे बहुतेक तंतू, साधारण ८० टक्के, पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. ही बातमी मेंदूच्या देठातल्या एका केंद्रात पोहोचते, त्याला एनटीएस म्हणतात. ताणाला कॅलरी कळत नाहीत, फक्त आकारमान कळतं. त्यामुळे साध्या पाण्यानेही पोट भरल्यासारखं वाटतं, पण पाणी थोड्याच वेळात पुढे सरकतं आणि ताण ओसरतो. तेच पाणी अन्नात शिजवून, घोटून आत गेलं, म्हणजे घट्ट सूपसारखं, तर जठरात जास्त वेळ टिकतं आणि त्या जेवणात माणूस कमी खातो. जेवताना बाजूला ग्लासभर पाणी प्यायल्याने तेवढा फरक पडत नाही.

दुसरा निरोप रसायनांचा. जठर अन्न एकदम सोडत नाही. मिनिटाला साधारण १ ते ४ कॅलरी एवढ्याच गतीने ते लहान आतड्यात उतरतं. आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, चरबी आणि प्रथिनं पोहोचली की तिथल्या पेशी सीसीके नावाचं तृप्तीचं हार्मोन सोडतात. इथे एक बारकावा आहे. आतड्यातल्या या पेशींना अख्खी चरबी ओळखता येत नाही. ती आधी पचून फॅटी अ‍ॅसिड सुटं व्हावं लागतं, आणि त्याची साखळी किमान १२ कार्बनची असावी लागते. चरबीचं पचन अडवणारं ऑर्लिस्टॅट घेतलं की सीसीकेचा निरोपही फिका पडतो, तो याचमुळे. सीसीके जठराचा दरवाजा आवळतं आणि व्हेगसमार्फत एनटीएसला 'पुरे' असं सांगतं. खायला सुरुवात केल्यावर ते रक्तात नीट चढायला साधारण १५ मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ताट संपवणाऱ्याचं जेवण सीसीके पोहोचायच्या आतच उरकलेलं असतं. त्याने थांबण्याचा निर्णय घेतला तो फक्त ताणावर आणि रिकाम्या ताटावर.

त्याहून पुढे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात, जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आणखी दोन तृप्तीची हार्मोन सोडणाऱ्या पेशी दाट असतात. पीवायवाय कित्येक तास चढलेलं राहतं. जीएलपी-१ मात्र फार अल्पायुषी: डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडतं आणि रक्तात ते अर्धं उरायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. आतड्यात तयार झालेल्या जीएलपी-१ चा अगदी छोटा हिस्साच मुख्य रक्तप्रवाहात शाबूत पोहोचतो. म्हणून ते आपलं काम बरंचसं जागच्या जागी, शेजारच्या व्हेगसच्या टोकांवर करतं. हे लक्षात ठेवा, औषधांकडे वळू तेव्हा लागेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच सापडतं. पटकन खाल्लेलं, मऊ, द्रवरूप किंवा शुद्ध पिठा-साखरेचं जेवण वरच्या आतड्यातच झटपट शोषलं जातं. ताण लवकर उतरतो, खालच्या आतड्यापर्यंत फारसं काही पोहोचत नाही, त्यामुळे पीवायवायचा लांब टिकणारा निरोप दुबळा राहतो. घ्रेलिन कर्बोदकांनी भराभर खाली येतं खरं, पण तितक्याच लवकर परत वर जातं. प्रथिनांनी ते हळू उतरतं आणि जास्त वेळ दबून राहतं. चरबीने ते सर्वांत कमी दबतं. त्यात काहींची रक्तशर्करा जेवणानंतर दोन-तीन तासांनी जेवणाआधीच्या पातळीच्याही खाली घसरते, आणि त्याच सुमाराला भूक उसळते. असं असेल तर न्याहारीत प्रथिनं किती आणि ती संपवायला किती मिनिटं लागतात, या दोन गोष्टी आधी तपासा. बाकीचं नंतर.

आता हायपोथॅलॅमस. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी दाखवलं की उंदराच्या हायपोथॅलॅमसचा मधला-खालचा भाग निकामी केला की तो खात सुटतो आणि लठ्ठ होतो. १९५१ साली बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी बाजूचा भाग निकामी केला, तर प्राणी अन्न समोर असून उपाशी राहिले. त्यावरून 'भुकेचं केंद्र' आणि 'तृप्तीचं केंद्र' ही विभागणी पाठ्यपुस्तकांत बसली. आज चित्र जास्त बारीक झालं आहे. महत्त्वाचा भाग आहे आर्क्युएट न्यूक्लियस, जिथे रक्तातली हार्मोन इतर ठिकाणांपेक्षा सहज पोहोचतात. तिथे दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी आहेत. एजीआरपी पेशी भूक लावतात, पीओएमसी पेशी ती शमवतात. दोघी एकाच रिसेप्टरवर, एमसी४आर वर, भांडतात: पीओएमसीपासून बनलेला रेणू त्याला चालू करतो, एजीआरपी बंद करतो. एमसी४आर चालू म्हणजे खाणं कमी. प्रौढ उंदरांमधल्या एजीआरपी पेशी अचानक मारल्या तर ते खाणंच सोडतात आणि उपासमारीने मरायला टेकतात. घ्रेलिनच्या बाबतीत असं झालं नव्हतं. खरी मक्तेदारी या पेशींची आहे.

या पेशींचं वागणं जवळून पाहिलं की भुकेबद्दलच्या बऱ्याच समजुती गळून पडतात. उपाशी उंदराच्या एजीआरपी पेशींवर नजर ठेवली तेव्हा दिसलं की अन्न दिसताच, वास येताच, पहिला घास तोंडात जायच्या आधीच त्या काही सेकंदांत शांत होतात. म्हणजे मेंदू पोट भरण्याची वाट पाहत नाही, तो अंदाज बांधतो. पण हा दिलासा उधारीवरचा असतो. अन्न नुसतं दाखवून खाऊ दिलं नाही तर पेशी पुन्हा पेटतात. त्या टिकून शांत राहतात त्या कॅलरी खरोखर आतड्यात पोहोचल्यावरच, आणि जेवढ्या कॅलरी तेवढ्या जास्त. गोड चव आहे पण कॅलरी नाहीत, अशा पदार्थाने भूक क्षणभर निवते आणि परत येते, याचं एक कारण इथे आहे.

दुसरा हिशेब लेप्टिनचा. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जन्मजात लठ्ठ उंदरांचा एक वाण सापडला होता. डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडून दाखवलं की या वाणाच्या उंदरात रक्तातून फिरणारा कुठला तरी तृप्तीचा घटक नाही. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या घटकाचं जनुक शोधलं; तो घटक म्हणजे लेप्टिन. चरबीच्या पेशीच हे हार्मोन तयार करतात आणि चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त. १९९७ मध्ये केंब्रिजच्या गटाने लेप्टिन मुळीच तयार न होणारी दोन मुलं शोधली. त्यांची भूक कशानेच भागत नव्हती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर अशा मुलांची भूक आणि वजन दोन्ही उतरलं.

साहजिकच वाटलं की लठ्ठपणावर औषध मिळालं. तसं झालं नाही. सामान्य लठ्ठपणात लेप्टिन आधीच भरपूर असतं. आणखी दिल्याने वजन फारसं उतरत नाही. याला लेप्टिन रेझिस्टन्स, म्हणजे लेप्टिनला मेंदूने दाद न देणं, असं म्हणतात. मला त्यापेक्षा एक वेगळी मांडणी जास्त कामाची वाटते. लेप्टिनचं खरं काम साठा आटतोय हे सांगण्याचं आहे. पातळी एका मर्यादेच्या वर गेली की मेंदू फारशी दखल घेत नाही. पण ती उतरू लागली की धोक्याची घंटा वाजते: एजीआरपी पेशी पेटतात, थायरॉइड हार्मोनची पातळी खाली येते, उष्णतेचा खर्च आवळला जातो, स्त्रियांची पाळी अनियमित होऊ शकते. आणि लेप्टिन चरबीच्या आधी घसरतं. खाणं एकदम तोडलं की चरबी जेमतेम हलली असतानाही दोन-तीन दिवसांत लेप्टिन बरंच खाली आलेलं असतं. मेंदूपर्यंत पोहोचलेली बातमी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी भयंकर असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या लोकांची हार्मोन वर्षानंतर परत मोजली. लेप्टिन, पीवायवाय, सीसीके तेव्हाही कमी, घ्रेलिन तेव्हाही जास्त, आणि भूकही सुरुवातीपेक्षा जास्तच होती. केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने याचं माप काढलं: घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढते, तर शरीराचा खर्च किलोमागे २० ते ३० कॅलरींनीच घटतो. 'मेटाबॉलिझम मंदावला' अशी तक्रार सगळे करतात, पण वजन परत आणण्यात भुकेचा वाटा त्याच्या तिप्पट-चौपट आहे. आठ किलो उतरवलेल्या माणसाला दिवसाला सुमारे ८०० कॅलरींच्या जादा भुकेशी झगडावं लागतं, तेही रोज. त्याला कुणी मनाचा कच्चा म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवावा.

दोन हिशेबांचं नातं दाखवणारा एक जुना प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. उंदरांना प्रत्येक जेवणाच्या सुरुवातीला सीसीके दिलं. प्रत्येक जेवण लहान झालं, पण उंदरांनी जेवणांची संख्या वाढवली आणि दिवसाची बेरीज जवळपास तिथेच आली. एका जेवणाला लगाम घालणारी युक्ती, मग ती कुठलीही असो, एकटीने साठ्याचा हिशेब बदलत नाही. तिचा उपयोग आहे, पण मर्यादित.

तर करायचं काय? खाण्यातली तूट दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींच्या आत ठेवा, हजारावर नेऊ नका. दर जेवणात २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे अंडी, मासे, कडधान्यं, दुधाचे पदार्थ जे चालत असेल ते, आणि दिवसभरात २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ. जेवणाला किमान २० मिनिटं द्या. घास चावावा लागेल असं अन्न निवडलं तर ती आपोआप जातात. कॅलरी पिऊ नका: गोड पेयांतल्या कॅलरींची भरपाई मेंदू पुढच्या जेवणात नीट करत नाही. झोपेवर कात्री लावू नका. तरुण पुरुषांना सलग दोन रात्री चारच तास झोपू दिलं तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ वाढली ती गोडाधोडाची. एकाच जेवणात दहा चवी मांडल्या तर प्रत्येक नव्या चवीला भूक नव्याने जागी होते, म्हणून पोट भरल्यावरही गोडाला जागा सापडते. घरात काय आणून ठेवता ते इथे मोजावं लागतं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, जरी समोर ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, तंतू आणि प्रथिनं तेवढीच होती. ती खातही भरभर होती.

आणि औषधं. सेमाग्लुटाइड हे वजन उतरवण्यासाठी दिलं जाणारं औषध जीएलपी-१ ची नक्कल करतं, पण ते डीपीपी-४ ला दाद देत नाही आणि अर्धं उरायला जवळपास आठवडा घेतं. दोन मिनिटांच्या निरोपाचा आठवडाभर चालणारा निरोप झाला की तो व्हेगसपुरता राहत नाही, मेंदूच्या देठाला आणि हायपोथॅलॅमसला थेट भिडतो. 'अमुक खा, जीएलपी-१ वाढेल, औषधासारखाच परिणाम होईल' हा दावा यामुळेच टिकत नाही; जेवणाने ती पातळी गाठताच येत नाही. वजनासाठीची मात्रा आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ अशी २.४ पर्यंत जाते. घाई केली की मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता. वजन वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पोटात वरच्या बाजूला जोराचं, पाठीकडे जाणारं दुखणं सुरू झालं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरकडे जा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असेल तर हे औषध घेऊ नये. भूक गेली म्हणून प्रथिनं आणि पाणी सुटलं तर स्नायू झिजतात. मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. साठ्याचा हिशेब कुठेच गेलेला नव्हता. सुरू करतानाच किती काळ घ्यायचं याबद्दल डॉक्टरांशी बोला.

काही भुकांना आहाराचा सल्ला लागू नाही. भूक वाढली आणि वजन उतरतंय, तर रक्तशर्करा आणि थायरॉइड तपासा. प्रेडनिसोलोन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन ही औषधं घेताना भूक त्या औषधांमुळेच वाढू शकते. ती स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्याला सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला थरथर आणि घामासह अचानक भूक लागली तर आधी साखर मोजा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं वजन झपाट्याने वाढत असेल आणि ते अन्नासाठी सतत कासावीस होत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी जनुकीय तपासणी करून घ्यावी. एकाच जनुकातल्या दोषाने होणाऱ्या लठ्ठपणात एमसी४आरचा दोष सर्वाधिक आढळतो. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल आणि भूक मंदावली असेल, तर तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही, विशेषतः उतारवयात.

राहिला तिसरा प्रश्न. लेप्टिन किंवा घ्रेलिन 'संतुलित' करणारी पूड, थेंब, गोळ्या विकत घेऊ नका. लेप्टिन प्रथिन आहे, तोंडाने घेतलं तर पचून जातं. या हार्मोनची रक्ततपासणीही स्वतःहून करून घेऊ नका. लेप्टिनचा आकडा तुमची चरबी किती आहे एवढंच सांगतो, ते वजनकाट्यावर आणि कंबरेच्या मापात दिसतंच. घ्रेलिनचं तर नमुना घेतल्यावर ते आठ कार्बनचं फॅटी अ‍ॅसिड सुटून पडतं. नमुना लगेच थंड करून आम्ल आणि एन्झाइमरोधक घातला नाही तर येणारा आकडा निरर्थक असतो. जन्मजात लेप्टिन नसल्याचा संशय असलेलं मूल हा अपवाद, तिथे लेप्टिनची एकच तपासणी आयुष्य बदलू शकते.